होडीतली चार वाक्यं

बसवकल्याण, ३० एप्रिल २०२५

आज बसवजयंती. सकाळपासून गावात भोंगे सुरू आहेत. मिरवणूक कुठून जाणार, गाड्या कुठे लावायच्या, प्रसाद कुठे, पिण्याचं पाणी कुठे, हे आधी कन्नडमध्ये, मग मराठीत, मग आमच्या गावच्या हिंदीत. लोक ऐकतात आणि सांगितलेल्या बाजूला वळतात. एखाद्या आजीला नीट ऐकू आलं नाही तर शेजारची बाई तिला तिच्या भाषेत सांगते.

संध्याकाळी भाचीचा मालवणहून फोन आला. सिंधुदुर्ग किल्ल्यावर माणसं नेणाऱ्या होड्यांत आणि जेटीवर ऐकवायला सूचना हव्या आहेत. "मावशी, शाळेत, जत्रेत तू इतकी वर्षं माईकवर बोललीस. तूच लिहून दे." नमुना म्हणून तिने कुठल्याशा कार्यालयातून आलेला एक मजकूर पाठवला. त्यात पर्यावरण संवर्धन ही काळाची गरज आहे, प्रत्येक नागरिकाने नैतिक जबाबदारी ओळखून सागरी जैवविविधतेच्या रक्षणार्थ कटिबद्ध व्हावे, असं बरंच आहे. पण हातातली बाटली कुठे टाकायची, हे त्यात कुठेच नाही.

मी हो म्हटलं. किल्ल्यावर जाणारी बरीचशी माणसं आमच्यासारखीच घाटावरची असतात. लातूर, सोलापूर, बीदर, कलबुर्गीकडून शाळांच्या सहली जातात, कुटुंबं जातात. समुद्र त्यांना पाहुण्यासारखा, वर्षा-दोन वर्षांतून एकदा भेटणारा. त्यांना काय कळतं आणि काय कळत नाही, हे मला ठाऊक आहे.

२ मे

लिहायच्या आधी जागा समजून घेतली पाहिजे. भाचीने पाठवलेले कागद आणि घरातली पुस्तकं घेऊन बसले.

सिंधुदुर्ग कुरटे बेटावर उभा आहे. बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं, १६६७ मध्ये संपलं. चहूकडे खारं पाणी, आणि किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. आजही काही कुटुंबं तिथे राहतात. किल्ल्याच्या भोवतालचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. या उथळ पाण्यात प्रवाळ आहे. लाटांखाली बसलेले बारीक जीव चुन्याचं घर बांधत जातात, त्यांच्या अंगात राहणारी सूक्ष्म शेवाळं उन्हातून अन्न तयार करून त्यांना देतात. म्हणून प्रवाळाला स्वच्छ, उजेड पोचेल असं पाणी लागतं. प्रवाळाच्या कपारींत माशांची पिल्लं लपतात, वाढतात.

धोका दोन प्रकारचा आहे. पाण्यात उतरलेला पर्यटक दगड समजून प्रवाळावर उभा राहतो. होडीचा नांगर त्याच्यावर पडला की तुकडे होतात. दोन्ही गोष्टी न कळल्यामुळे होतात, वाईट हेतूने नाही. म्हणून तर इथे सांगण्याला अर्थ आहे.

आणखी एक गोष्ट वहीत टिपून ठेवते. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मालवणच्या मच्छीमारांचा त्याला विरोध होता आणि तो पुढे बरीच वर्षं टिकला. ज्यांचं पोट या पाण्यावर चालतं त्यांच्या कानावर ही गोष्ट मनाई म्हणून गेली. बेटावरच्या माणसाला वगळून बेटाच्या भल्याची घोषणा केली की काय होतं, ते या एका उदाहरणावरून कळतं.

४ मे

गावात रिक्षावर भोंगा लावून पुकारा करणाऱ्याला घरी बोलावलं. सर्कस, दवाखान्याचं शिबिर, नळाला पाणी न येण्याचा दिवस, सगळं तोच सांगतो. माझा कच्चा मजकूर त्याला वाचून दाखवला. त्याने मान हलवली.

"बाई, इतकं लांब कोण ऐकायलंय? माझी गाडी एका दारासमोर असती किती वेळ? तेवढ्यात कोण, कुठं, कधी, एवढं कळाय पाहिजे. बाकीचं पुढच्या गल्लीत जातंय."

मग त्याने आपली रीत सांगितली. सुरुवातीला "ऐका, ऐका" दोनदा, कारण पहिल्या शब्दाला माणूस फक्त मान वळवतो. मग एक दमात एक वाक्य. ठिकाणाचं नाव दोनदा, कारण पहिल्यांदा कुकरची शिट्टी वाजत असते. चौकात गाडी उभी करून बोलायचं, चालत्या गाडीत शब्द मागे पडतात. आवाज पूर्ण मोठा करायचा नाही, भोंगा फाटला की सूचना नुसता गोंगाट होते. ध्वनिमुद्रण पेन ड्राईव्हवर असलं तरी तो अधूनमधून ते थांबवून स्वतः बोलतो. "टेप ऐकून लोक कान बंद करत्यात. माणूस बोलला की बघत्यात."

होडीत तर इंजिनाचा आवाज, वारा, लाटा. तिथे याहून कमी शब्द लागतील.

१३ मे

गाडगेबाबांवरचं एक जुनं पुस्तक पुन्हा काढलं. १८७६ चा जन्म, १९५६ मध्ये निधन. गावात शिरताच हातात खराटा. दिवसभर गल्ल्या, ओटे, देवळापुढची जागा झाडायची आणि रात्री कीर्तन. कीर्तनात ते समोरच्यांना प्रश्न विचारत, उत्तर गर्दीतून यायचं, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. लोक आपल्याच तोंडाने आपली चूक बोलून जात.

आपल्याकडे लोकहिताची सूचना कशी द्यावी याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. झाडलेल्या जागेवर बसूनच लोकांनी स्वच्छतेचं बोलणं ऐकलं. बोलणाऱ्याचे हात त्यांनी दिवसभर पाहिले होते. म्हणून शब्द खाली पडले नाहीत.

भाचीला निरोप पाठवला: जेटी आधी झाडून घ्या, पिंपं आधी ठेवा, ती रोज रिकामी कोण करणार ते ठरवा. त्याशिवाय मी एक ओळही देणार नाही.

१५ मे

तिचा प्रश्न आला: "पिंपाचं इतकं काय घेऊन बसलीस?"

तिला पोलिओची आठवण दिली. अमिताभ बच्चन यांचा आवाज सगळ्यांना आठवतो, 'दो बूँद' हे शब्दही. पण त्या आवाजाने रविवार सांगितला होता, जवळच्या केंद्रावर या म्हणून सांगितलं होतं, आणि त्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात थंड डबा घेऊन ताई खरोखर बसलेल्या असत. जे मूल आलं नाही त्याच्या घरी त्या जात. करंगळीच्या नखावर शाईची खूण करत. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. आवाज आणि व्यवस्था यांची सांगड पडली म्हणून ते झालं. पिंप नसताना "कचरा पिंपात टाका" म्हणणारी सूचना लोकांना एवढंच शिकवते की सूचना ऐकायच्या नसतात.

१८ मे

बेटावर असं काम कुणी आधी केलं आहे का, ते पाहत होते. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुसिया या बेटाची हकीकत मिळाली.

तिथे एक पोपट आहे. निळा चेहरा, हिरवे पंख, छातीवर लाल पट्टा. जगात दुसरीकडे कुठेही तो रानात आढळत नाही. लोक त्याला जॅको म्हणतात. १९७० च्या दशकात शिकारीने आणि जंगलतोडीने त्याची संख्या शंभराच्या आसपास आली होती. पॉल बटलर नावाचा इंग्रज तरुण तिथल्या वनखात्याबरोबर काम करू लागला. त्यांनी पोपट वाचवायचा म्हणून लोकांना दटावलं नाही. हा पक्षी फक्त तुमच्याकडे आहे, हे सांगितलं. १९७९ हे त्या देशाच्या स्वातंत्र्याचं वर्ष, त्याच वर्षी जॅको राष्ट्रीय पक्षी झाला. पोपटाचा वेश घातलेला माणूस शाळाशाळांतून फिरला, गाणी झाली, भित्तिपत्रकं लागली, चर्चमधल्या प्रवचनांतून विषय निघाला. कायदाही कडक केला, दंड वाढवला. पुढच्या काही दशकांत पोपटांची संख्या कित्येक शेकड्यांवर गेली. नंतर 'रेअर' या संस्थेने हीच पद्धत इतर अनेक बेटांवर आणि देशांत नेली.

मला यातली सुरुवात महत्त्वाची वाटते. पहिलं वाक्य मनाईचं नव्हतं, अभिमानाचं होतं. ज्याचा अभिमान वाटतो ते राखायला माणूस आपणहून उभा राहतो, मग दंडाची तरतूद त्याला आपल्याच बाजूची वाटते. सिंधुदुर्गाबद्दल तर मराठी माणसाला अभिमान शिकवावा लागत नाही. तो घरूनच घेऊन येतो. फक्त तटबंदीपुरता असलेला तो अभिमान तटाखालच्या पाण्यापर्यंत न्यायचा आहे.

२० मे

संध्याकाळी त्रिपुरांत तलावाकडे जाऊन आले. गणपतीच्या दिवसांत आम्ही काही शिक्षक आणि मुलं इथे काठावर पिंप घेऊन उभे राहायचो. लोक निर्माल्य पिशवीसकट पाण्यात सोडत. "तलाव घाण करू नका" म्हटलं की माणूस रागावायचा, कारण तो देवाचं काम करत होता. मग आम्ही म्हणू लागलो, "फुलं इथे द्या, झाडांना घालतो. पिशवी घरी न्या." लोक थांबू लागले. कुणी रिकामी पिशवी झटकून, घडी करून परत न्यायचं. त्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता हातातली वस्तू कुठे द्यायची एवढंच आम्ही सांगितलं होतं.

परत येताना बाराव्या शतकातल्या, बसवण्णांबरोबरच्या शरणांचा विचार मनात होता. या कल्याणात अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, जमलेले लोक कोण होते? मडिवाळ माचय्या परीट, नुलिय चंदय्या दोर वळणारे, हरळय्या चर्मकार, अंबिगर चौडय्या नावाडी. प्रत्येकाच्या बोलण्यात आपापल्या धंद्याची अवजारं आणि दाखले. चौडय्यांच्या वचनांवर तर मुद्रा, म्हणजे कवीची खूण, त्यांच्या स्वतःच्याच नावाची, नावाडी म्हणूनच. लोकांना आचरण सांगायला त्यांनी दरबारी संस्कृत वापरली नाही.

आणि आयदक्की लक्कम्मा. तिचा नवरा मारय्या सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणायचा, त्यावर दोघांचा संसार आणि दासोह, म्हणजे आल्यागेल्यांना जेवू घालणं, चालायचं. एक दिवस त्याने नेहमीपेक्षा जास्त आणले. लक्कम्माने ते ठेवून घेतले नाहीत, जास्तीचे जिथले तिथे टाकून ये म्हणाली. निसर्गाकडून किती घ्यावं, या प्रश्नाला तिचं उत्तर आठशे वर्षांपूर्वी याच गावात दिलेलं आहे. बेटावर तर तिची शिकवण शब्दशः लागू पडते, कारण बेटावर प्रत्येक गोष्ट मोजकी असते: पाणी, जागा, कचरा पुरायला माती.

भाचीला रात्री फोन करून सांगितलं, सूचना मुंबईच्या स्टुडिओतल्या गोड आवाजात नको. होडी चालवणारा तांडेलच बोलू दे, त्याच्या मालवणीत. मी फक्त मुद्दे देईन.

२३ मे

तांडेलांचा निरोप भाचीकडून आला. ते म्हणतात, नुसतं 'करू नका' आम्ही पाहुण्याला कसं सांगायचं? गिऱ्हाईक नाराज होतं.

मला रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आठवलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. आरमारासाठी लाकूड तोडण्याबद्दल त्यात स्पष्ट आज्ञा आहे. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही, आणि का, तेही सांगितलं आहे. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही. राज्याची आज्ञा होती, कारण न देताही चालली असती. तरी कारण दिलं, तेही ऐकणाऱ्याला आपल्या घरातलं वाटेल असं.

तांडेलानेही तेच करावं. 'प्रवाळावर उभं राहू नका' एवढ्यावर थांबू नये. 'आमच्या माशांची पिल्लं तिथे वाढतात' हे जोडावं. पाहुणा दुपारी मालवणात मासेच जेवणार आहे. त्याला ते लगेच कळतं, आणि सांगणारा हुकूम सोडत नाही, आपल्या घरची गोष्ट सांगतो.

२६ मे

पाऊस यंदा फार लवकर आला. केरळात २४ लाच मोसमी पाऊस पोचला आणि आज तो मुंबईत आहे. मालवणची प्रवासी वाहतूक बंद. आता हे काम पावसाळ्यानंतरच्या हंगामासाठी.

केरळजवळ काल एमएससी एल्सा ३ हे मालवाहू जहाज बुडालं, सहाशेच्या वर कंटेनर घेऊन. तिथल्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने किनाऱ्यावरच्या लोकांना सांगितलं आहे: कंटेनर वाहून आला तर हात लावू नका, दूर राहा, ११२ वर कळवा. घाबरलेल्या माणसालाही करता येतील अशी तीन कामं. सूचना म्हणून याहून नेमकी गोष्ट लिहिता येणार नाही.

पण याच बातमीने दुसरीही बाजू समोर ठेवली. जहाजातून जे समुद्रात गेलं ते कुठल्या पर्यटकाने टाकलेलं नाही. समुद्राचं पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातली शेवाळं सोडून देतो आणि पांढरा पडतो, त्यावरही होडीतल्या सूचनेचा इलाज नाही. ते काम सरकारांचं, कंपन्यांचं, कायद्याचं. लोकांना बाटली उचलायला सांगणाऱ्याने हेही त्याच ठामपणे म्हटलं पाहिजे, नाहीतर सगळा भार होडीतल्या शेवटच्या माणसावर पडतो आणि मोठे सुटतात. मात्र प्रवाळावर पडणारा पाय आणि नांगर आपल्या हातात आहे. बाहेरून तापत्या समुद्राचा मार बसत असताना आतून आणखी एक घाव नको, म्हणूनही ही सूचना हवी.

१ जून

आजपासून महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत. पावसाळा हा बऱ्याच माशांचा विणीचा काळ. कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा होड्या लोटतो. थांबायचं कधी आणि निघायचं कधी, हे इथे सणानेच पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं.

पलाऊचं वाचलं. प्रशांत महासागरातला छोटा द्वीपदेश. २०१७ पासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पारपत्रावर तिथे एक प्रतिज्ञा उमटवतात आणि देशात शिरण्याआधी त्याला त्याखाली सही करावी लागते. ती लिहायला तिथल्या मुलांची मदत घेतली आणि वचन द्यायचं तेही त्या मुलांनाच. वेळ अचूक साधली आहे. पाय बेटावर पडायच्या आधी, मन अजून मोकळं असताना. आमच्या कामात ती वेळ म्हणजे मालवणच्या जेटीवरून होडी सुटल्यावरची पहिली दोन मिनिटं. परतताना सांगून उपयोग नाही, तोवर बाटली तटाखाली गेलेली असते.

दुपारी गल्लीतल्या मुलांना मसुदा वाचून दाखवला. समुद्र कुणीच पाहिलेला नाही. एका मुलीने विचारलं, "प्रवाळ कसा दिसतो? मला कसं कळणार की तो तोच आहे?" बरोबर विचारलं. मी वाक्य बदललं: पाण्याखाली जे काही खडकासारखं दिसेल त्यावर पाय ठेवू नका. ओळख पटवण्याचं काम पाहुण्याकडे राहिलं नाही.

३ जून

चार वाक्यं ठरली. तांडेलाने आपल्या बोलीत फिरवून घ्यावीत.

"मंडळी, समोर दिसतोय त्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी आहेत. भोवती खारं पाणी असून या बेटाने साडेतीनशे वर्षं माणसं जगवली."

"तुमची बाटली, पिशवी, खाऊचा कागद याच होडीतून परत आणा. जेटीवर उतरलात की पायरीजवळ पिंप आहे, पिंप."

"पाण्यात उतरणार असाल तर खाली खडकासारखं जे दिसेल त्यावर उभे राहू नका. ते जिवंत आहे, मोडलं तर भरून यायला वर्षानुवर्षं लागतात, आणि आमच्या माशांची पिल्लं तिथेच वाढतात."

"प्रवाळाचा तुकडा उचलू नका, कुणी विकत असेल तर घेऊ नका. कायद्याने गुन्हा आहे."

गुन्हा शब्द शेवटच्या वाक्यात ठेवला. पहिल्या तीन वाक्यांत लोक आपले झालेले असतात, मग कायद्याचं नाव धमकी वाटत नाही.

५ जून

पर्यावरण दिन. यंदाचा मुख्य कार्यक्रम दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर, विषय प्लास्टिक प्रदूषणाचा. इथे शाळेच्या आवारात रोपं लावली, भाषणं झाली.

भाचीला मजकूर पाठवला. सोबत अटी लिहिल्या. पहिली, पिंप रोज रिकामं झालं पाहिजे. ज्या दिवशी ते भरून वाहत असेल त्या दिवशी दुसरं वाक्य बोलायचं नाही. दुसरी, प्रवाळाच्या जागी नांगर पडू नये म्हणून होड्या बांधायला कायमचे बोये मिळवण्यासाठी तांडेलांच्या वतीने अर्ज करायचा. पाहुण्याला पाय उचलायला सांगणाऱ्याने आपला नांगरही उचलला पाहिजे. तिसरी, दर हंगामात तांडेलांना एकत्र बसवून विचारायचं की कुठल्या वाक्याला लोक मान हलवतात आणि कुठल्याला दुसरीकडे बघतात. जे चालत नाही ते काढायचं, माझं असलं तरी.

तिचं उत्तर आलं: पहिल्या दोन अटी मान्य, पिंपांसाठी माणूस ठरतो आहे, बोयांचा अर्ज ती स्वतः लिहिते आहे. तिसऱ्या अटीसाठी तांडेल म्हणतात, मावशींनाही त्या बैठकीला बोलवा. मी येते म्हणून कळवलं. आमच्या शाळेची सहलही त्याच सुमारास कोकणात न्यावी, असं मुख्याध्यापकांना उद्या सुचवणार आहे. घाटावरच्या मुलांनी ती चार वाक्यं होडीत ऐकावीत, आणि बैठकीत तांडेलांच्या समोर बसून कुठलं कळलं नाही ते सांगावं.